गाडीत राहिलेली सीडी

जुनी गाडी विकायची ठरली तेव्हा ताईनं ती स्वतः रिकामी केली. कप्प्यातल्या पावत्या, मोडका चष्मा, सीटखाली गेलेली लेकीची लहानपणची एक केसांची पिन, असं काय काय निघालं. शेवटी सहज म्हणून तिनं प्लेअरचं बटण दाबलं, तर आतून एक सीडी बाहेर आली. ताईच्या आवडत्या गायिकेची, संथ गाण्यांची. ती किती वर्षं आत बसून होती कोण जाणे. प्लेअर मागेच बिघडला होता आणि त्यात काही अडकलंय हे ताईच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिला आनंद झाला. कारण बाकीच्या सगळ्या सीड्या तिनं वर्षभरापूर्वीच धाकट्या भावाकडे दिल्या होत्या.

हा भाऊ बावन्न वर्षांचा, तरी घरादारात त्याला राजाच म्हणत. तो एका कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं बघायचा, त्यामुळे कुणाचा फोन अडो, कुणाचा प्रिंटर रुसो, हाक राजालाच. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. पानावरचा चुकलेला अनुस्वार तिला लांबून दिसायचा. तिनं नवा कॉम्प्युटर घेतला त्याला सीडी घालायची जागाच नव्हती, आणि घरातला जुना प्लेअर तर कधीच गेलेला. तीनशे बारा सीड्या नुसत्या कपाटात उभ्या होत्या. राजा म्हणाला होता, दे माझ्याकडे, सगळ्यांची कॉपी करून एका डबीत घालून देतो. ताईनं दोन खोकी भरली, वर स्वतःच्या अक्षरात यादी ठेवली, आणि तो घेऊन गेला.

त्यानंतर चार महिने त्याचे फोन यायचे. आज चाळीस झाल्या. आज एक फारच खरवडलेली निघाली, तिनं दोन तास खाल्ले. एकदा तर त्यानं कॉपी होत असतानाचा आवाजही तिला फोनवर ऐकवला होता, घर्र घर्र. मग एका रविवारी त्यानं हाताच्या पंज्याएवढी हार्ड डिस्क आणून दिली. यादीतला प्रत्येक अल्बम त्यात होता. मूळ सीड्या माझ्याच माळ्यावर राहू दे, तुझ्याकडे जागा कुठे आहे, असंही म्हणाला. ताई भावावर इतकी खूश झाली की पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटली.

आता उरलेल्या एका सीडीसाठी त्याला पुन्हा कशाला तसदी द्यायची? सीडी वाचणारा एक ड्राइव्ह आपणच घ्यावा, असं ताईनं ठरवलं. पुढेमागे राजाच्या माळ्यावरची एखादी सीडी ऐकावीशी वाटली तर तोही उपयोग होईल. पर्समध्ये सीडी आणि हार्ड डिस्क टाकून ती छापखान्यामागच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेली.

दुकानदार साठीला आलेला. चष्मा कपाळावर, खिशाला स्क्रूड्रायव्हर. पूर्वी एका रेडिओ केंद्रात यंत्रं दुरुस्त करायचा, त्यामुळे गाण्यांच्या सीड्या म्हटल्यावर तो खुर्ची ओढून बसलाच. त्यानं काउंटरवर दोन ड्राइव्ह ठेवले. एक पोळपाटावरच्या पोळीसारखा पातळ, कॉम्प्युटरच्याच विजेवर चालणारा. दुसरा पेटीसारखा जाड, त्याला भिंतीतल्या प्लगपासून वेगळी वायर लागायची.

"नुसतं ऐकायचं असेल तर पातळ घ्या, मॅडम," तो म्हणाला. "पण कॉपी नीट हवी असेल तर जाड. ओरखडा आला की पातळ लगेच काखा वर करतो. जाड जरा दम धरतो. तुमची सीडी द्या, दोन्हींत घालून बघू. माझ्यावर विश्वास ठेवून घेऊ नका."

ताईला हा माणूस आवडला. तिनं सीडी दिली. पातळ ड्राइव्हनं पाच गाणी झरझर वाचली आणि सहाव्याला अडून बसला. जाडानं त्याच गाण्यावर वेग कमी केला, तोच तुकडा दोनदा वाचून ताडून बघितला आणि मग पुढे सरकला. दुकानदार तिला हे सगळं पडद्यावर बोट ठेवून समजावत होता. मुद्रितं तपासणारे दोघं असले की एकाची नजर चुकते ती दुसऱ्याला सापडते, तसंच हे, असं ताईच्या मनात आलं.

"ठेवू कुठे ही गाणी?" त्यानं विचारलं. ताईनं हार्ड डिस्क काढून दिली. त्यानं ती जोडली, थोडा वेळ यादी वरखाली केली आणि म्हणाला, "हा अल्बम यात आहेच की आधी."

ताई हसली. राजानं हाही केलेला दिसतोय, म्हणाली. वाक्य पुरं व्हायच्या आत तिच्या लक्षात आलं की हे होऊ शकत नाही. त्या सीडीचं रिकामं कव्हर तेवढं खोक्यात गेलं होतं. सीडी गाडीतच होती.

दुकानदार अजून पडद्याकडेच बघत होता. त्याच्या कपाळावरचा चष्मा आता डोळ्यांवर आला होता.

"तुमच्या सीडीवर अकरा गाणी आहेत. यात तेरा आहेत," तो सावकाश म्हणाला. "दोन नंतरच्या आवृत्तीत घातलेली दिसतात. आणि फाइली अगदी बारक्या आहेत, जागा वाचवायला चेपतात ना, तशा. मॅडम, ही गाणी या सीडीवरून घेतलेली नाहीत. इंटरनेटवरून उतरवलेली आहेत."

"बाकीची?"

त्यानं आणखी आठदहा फोल्डर उघडून पाहिले. मग मान हलवली. कोण असेल, कशासाठी केलं असेल, असं काही त्यानं विचारलं नाही, त्याबद्दल ताईला पुढे कितीतरी दिवस त्याच्याविषयी कृतज्ञता वाटत राहिली. ड्राइव्ह नंतर नेते, असं सांगून ती बाहेर पडली.

दुपारची वेळ होती. घरी आई तिच्या खोलीत आडवी झाली होती. वडील जाऊन सात वर्षं झाली, तेव्हापासून आई ताईकडेच राहायची. ताईनं दार लोटून घेतलं आणि यादीची स्वतःकडची प्रत काढून एकेका ओळीवर पेन्सिल ठेवत फोल्डर उघडायला सुरुवात केली. दुकानात मिळणाऱ्या सीड्यांचं फारसं काही कळत नव्हतं. गाणी तीच, थोडी इकडची तिकडे. मग तिनं लेकीच्या शाळेच्या समूहगानाची सीडी काढली. फोल्डरचं नाव बरोबर होतं. आत दुसऱ्याच कुठल्या मुलांचा आवाज होता.

त्यानंतर 'बाबा' नावाचं फोल्डर उघडायचं तिच्या जिवावर आलं.

बाबा कार्यशाळेत लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी हात घासून घासून धुऊन व्हायोलिन वाजवायचे. निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या एका सहकाऱ्यानं सहा धुना रेकॉर्ड करून चारपाच सीड्या बनवल्या होत्या. जुन्या, सगळ्यांना ठाऊक असलेल्या चाली, वाजवणारे वाजवतातच. पण बाबा सुरू करायच्या आधी व्हायोलिनचा गज समोरच्या स्टँडवर दोनदा आपटायचे आणि हलकेच खाकरायचे, तेही त्या सीडीत आलं होतं. राजानं डबी आणून दिली त्या रविवारी ताईनं पहिलं तेच लावलं होतं. खाकरणं नव्हतं. आवाज स्वच्छ, भरीव. तिनं विचारलं तेव्हा राजा म्हणाला होता, "मधली खरखर काढली ना, त्यात तेही गेलं." ताई ऐकता ऐकता रडली होती. बाबांचा हात इतका हलका होता हे कधी कळलंच नव्हतं, असं म्हणाली होती. राजानं तिच्या पाठीवर हात ठेवला होता.

आता तिनं पुन्हा लावलं आणि तपासायला घेतलेल्या पानासारखं ऐकलं. तिसऱ्या धुनेत बाबा एका जागी नेहमी घाई करायचे. तिथे त्यांचं बोट पोचायचंच नाही. इथे बोट आरामात पोचत होतं. हा कुणी शिकलेला, मुरलेला वादक होता. बाबा नव्हतेच ते. राजानं फसवलं ते एक, पण आपल्या कानांनीही फसवलं, हे तिला जास्त झोंबलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी बाई ती, आणि परक्या माणसाच्या हातावर रडून मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती राजाच्या घरी गेली. भावजय बाजारात गेली होती. राजा बैठकीत आठवड्याचे शर्ट इस्त्री करत होता. ताईला बघून त्याचा चेहरा फुलला.

"राजा, गाडीत राहिलेली सीडी तू कॉपी कशी केलीस?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

त्याला आधी काही कळेना. मग त्यानं सारवासारव सुरू केली. तुझ्याकडे दोन असतील, एखादी मी कुणाकडून आणली असेन, इतक्या होत्या, आठवत नाही. ताई नुसती बघत राहिली. त्यानं इस्त्री उभी ठेवली, तिची वायर काढली आणि खाली बसला.

खरं काय ते मग हळूहळू बाहेर आलं. खोकी आणली त्याच आठवड्यात त्याच्याकडे रंगकाम निघालं. मोडक्या खुर्च्या, जुने पडदे यांच्या शेजारी खोकी पॅसेजमध्ये ठेवली होती. तो कामावर असताना भंगाराची गाडी आली आणि भावजयीनं पॅसेज मोकळा करून घेतला. संध्याकाळी तो धावत त्या गोदामात गेला, तोवर सगळं यंत्राखाली गेलं होतं.

"दोन दिवस जेवण गेलं नाही मला," राजा म्हणाला. "तुला तोंड कसं दाखवू, हेच कळेना. मग विचार केला, यादी आहे, एकेक शोधून काढू. चार महिने बसलो मी, ताई. फुकट नाही बसलो. तीनशे अल्बम हुडकून आणले."

"आणि ते फोन? आज चाळीस झाल्या म्हणायचास ते? तो घर्र घर्र आवाज?"

"मिक्सर होता," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

ताईला हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर.

"सीड्या गेल्या हे सांगितलं असतंस तर मी चार दिवस बोलले नसते. पाचव्या दिवशी बोलले असते," ती म्हणाली. "बाबांच्या जागी तू कुणाला आणून बसवलंस, राजा?"

"ते कुठे मिळणारच नव्हतं. त्याच सहा चाली एका वादकाच्या सापडल्या. वाटलं, इतक्या वर्षांत तुला कुठे आठवत असणार. मग तू रडलीस. तुला बरं वाटलं म्हणालीस. त्यानंतर कसं सांगणार होतो?"

"मी तुझ्यासमोर रडले. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास."

इस्त्री न झालेले शर्ट त्यानं उगाच घडी घालून एकावर एक ठेवले. ताई निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आईला मात्र सांगू नकोस. तिला सोसायचं नाही."

हे बोलायला नको होतं त्यानं. कारण ते खरंच होतं. आई रोज सकाळी आंघोळ झाली की खिडकीशी बसून तेच व्हायोलिन ऐकायची. ताईच तिला लावून द्यायची. आता राजाचं खोटं ताईला रोज सकाळी स्वतःच्या हातानं चालू करावं लागणार होतं. पाच दिवस तिनं ते केलं. बटण दाबायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचा, म्हणजे ऐकू यायचं नाही. नवऱ्यानं विचारलं, काय झालंय, तर डोकं दुखतंय म्हणाली.

सहाव्या दिवशी बटणापाशी तिचा हात थांबला. आई वाट बघत होती.

"आज नको, आई," ताई म्हणाली.

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग मांडीवरच्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली. "कळलं वाटतं तुला," ती म्हणाली.

ताईला वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली.

"ते तुझ्या बाबांचं नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं," आई शांतपणे सांगू लागली. "पन्नास वर्षं त्या माणसाचं चुकलेलं ऐकलंय मी. इतकं धड त्यांना कधी येत नव्हतं. राजा समोर बसला होता. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि समजले, काहीतरी गोंधळ करून बसलाय पोर."

"मग बोलली का नाहीस?"

"तू त्याला सोडलं नसतंस."

"आणि मी? मी जगभर सांगत फिरले, राजानं बाबांचा आवाज जपला म्हणून. तू इथे बसून ऐकत होतीस. रोज माझ्याकडून लावून घेत होतीस."

"वाजवतो छान तो, कोण आहे तो," आई म्हणाली. मग तिलाच ते बरं वाटलं नसावं. "अगं, तू खमकी आहेस. तुझं काही बिघडत नाही. तो आधीपासूनच तसा. पटकन कोलमडतो."

लहानपणी फुटलेल्या काचेपासून ते राजानं अर्धवट सोडलेल्या नोकरीपर्यंत हे वाक्य ताईनं कितीदा ऐकलं होतं, त्याची मोजदाद नव्हती. प्रत्येक वेळी राजाची चूक पोटात घालायची आणि ताईनं खमकं असायचं. पण आजवर घरचे निदान तिला सांगून तिच्यावर टाकायचे. या वेळी दोघांनी मिळून तिला अंधारात ठेवलं होतं. एकानं खोटं बोलून, एकीनं मूग गिळून. भावाचा राग ती धरू शकत होती. ऐंशीच्या घरातल्या आईचा राग धरून तिला जेवायला कसं वाढायचं, ते तिला समजेना. ती उठली आणि बादलीतले कपडे पुन्हा एकदा पिळायला गेली.

तिच्या पाठीमागून आई म्हणाली, "वन्संकडे एक सीडी असेल बघ. त्यांना दिली होती तेव्हा."

हेही आईला इतके महिने माहीत होतं.

आत्या दुसऱ्या गावी एकटी राहायची. फोनवर तिला सगळं ओरडून सांगावं लागलं. हो, आहे ना, म्हणाली. तिच्याकडे सीडी वाजवायला काहीच नव्हतं, म्हणून ती तिनं खिडकीच्या कट्ट्यावर औषधाच्या बाटल्यांखाली ठेवली होती. "म्हणजे गोळी घेताना दादा रोज समोर असतो," असं तिचं म्हणणं. आठवड्यानं जाड पुठ्ठ्यात घातलेली सीडी आली. तिच्यावर बाटल्यांची गोल गोल वर्तुळं उमटली होती आणि उन्हानं एका बाजूचा रंग उडाला होता.

ताई ती घेऊन त्याच दुकानात गेली. कुणाचं वादन आहे एवढंच तिनं सांगितलं. दुकानदारानं सीडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, उजेडासमोर धरली आणि तोंडानं चक् केलं. पातळ ड्राइव्हनं तिला सीडी मानलंच नाही. जाड ड्राइव्हनं दोन धुना काढल्या आणि तिसऱ्याला थांबला. मग दुकानदार मागच्या खोलीत गेला आणि एका जुन्या कॉम्प्युटरातून काढलेला, उन्हानं पिवळा पडलेला ड्राइव्ह घेऊन आला.

"घरच्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या सीड्या याला जास्त समजतात," तो म्हणाला. "हळू आहे. बसा तुम्ही."

ताई स्टुलावर बसली. बाहेर गल्लीत छापखान्याचा कागद उतरत होता. ड्राइव्ह थोडं वाचायचा, मागे यायचा, पुन्हा वाचायचा. दुपारच्या जेवणाची वेळ टळली. संध्याकाळपर्यंत पाच धुना निघाल्या, सहावी काही केल्या निघेना. दुकानदारानं पहिली लावून दिली आणि स्वतः काहीतरी शोधायचं निमित्त काढून आत गेला. टक्, टक्. मग ते खाकरणं. ताईनं ऐकलं. तिसऱ्या धुनेत बाबा त्या जागी आले, घाई केली, बोट पोचलं नाही. या वेळी तिला रडू आलं नाही. तिनं फक्त विचारलं, हा पिवळा ड्राइव्ह मला द्याल का? दुकानदारानं तो एका पेटीत बसवून, वेगळी वायर लावून तिला दिला.

आईनं बाबांच्या पाचही धुना डोळे मिटून ऐकल्या आणि लगेच म्हणाली, राजाला बोलव. ताईनं बोलावलं नाही. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. आईकडून कळलं होतं.

"ताई, मलाही पाठव ना ते," तो म्हणाला. "माझेही बाबा होते."

"घरी ये. आईच्या खोलीत बसून ऐक. पाठवणार नाही."

"का?"

"माझा विश्वास नाही तुझ्यावर," ताई म्हणाली. असं वाक्य तिनं भावाला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि ते अगदी साधं निघालं.

रविवारी तो आला. आईच्या खोलीत बसला. खोलीतून आधी दोन ठोके ऐकू आले, मग व्हायोलिन, मग मध्येच राजाचं हुंदका आवरणं. आईनं ताईला हाक मारली, ये गं तूही. ताई गॅलरीत ओले टॉवेल झटकत राहिली. पाचवी धून संपल्यावर तो बाहेर आला, डोळे लाल, दारात चपला घालताना म्हणाला, "येतो, ताई." ती "बरं" म्हणाली.

तो जिना उतरून गेल्यावर तिनं आत्याची सीडी आणि तो पिवळा ड्राइव्ह आपल्या कपाटात ठेवला. त्या कपाटाला कुलूप असं कधी लावलंच नव्हतं. किल्ली कुठे ठेवली आहे, हे शोधण्यात तिचा बराच वेळ गेला.